दोन मासे दारू आणि 'के एफ'ची खूण

#थ्रेड

गुन्ह्यांच्या बातम्यांत आणि न्यायालयीन निकालपत्रांत '८ एमएम के एफ' ही काडतुसाच्या बुडावरची खूण वारंवार आढळते. यातील 'के एफ' म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात १८६९ साली स्थापन झालेला पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना. (आमच्या खर्डीच्या मंडळींनी उगाच हुरळून जाऊ नये, मान एका अक्षराने हुकला.) मात्र ८ मिलिमीटर हे माप मूळचे ना खडकीचे, ना इंग्रजांचे. ते भारतात कसे आले, आणि नव्या काडतुसात दारू किती भरावी हे प्रथम कोण व कसे ठरवीत असे, हा आजचा विषय.

काळ्या दारूच्या युगात हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. पुंगळी भरेल तेवढी दारू भरायची, वर गोळी बसवायची. काळी दारू जागा पुष्कळ व्यापते आणि तिचा जोर बेताचा, त्यामुळे पुंगळीचे आकारमान हेच तिचे माप ठरे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि हा हिशेब कोलमडला. नवी दारू थोड्या जागेत मावे आणि तिचा जोर कितीतरी अधिक असे. पुंगळीत अजून जागा आहे, म्हणून आणखी दारू चालेल, हा तर्क आता प्राणघातक ठरला.

आपल्याकडे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून परिचित असलेल्या .३०३ चे उदाहरण पाहू. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने हे काडतूस स्वीकारले, तेव्हा त्यात सुमारे ७१ ग्रेन काळी दारू दाबून बसवलेली असे. काही वर्षांतच तिची जागा कॉर्डाइटने घेतली आणि तेच काम सुमारे ३० ग्रेनमध्ये होऊ लागले. सोनाराच्या तराजूवर हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. अर्थात .३०३ मधील कॉर्डाइट दोन मासे, म्हणजे १६ गुंजा. येथे एका गुंजेची चूक म्हणजे सहा टक्क्यांची चूक. आणि नळीतील दाब दारूच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो.

मग निम्म्याहून कमी, हाच नियम धरावा काय? तसेही नाही. .४५० बोरच्या शिकारी रायफलीच्या लांब पुंगळीत १२० ग्रेन काळी दारू मावत असे. १८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याच पुंगळीत ७० ग्रेन कॉर्डाइट भरून नवे काडतूस काढले. हे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. अर्थात त्यासाठी रायफलही नव्या, अधिक बळकट पोलादाची घडवावी लागली. जुन्या नळ्यांसाठी कॉर्डाइटचा मुद्दाम सौम्य ठेवलेला वेगळा भरणा असे. अशा बंदुकांवर 'नायट्रो फॉर ब्लॅक' असा शिक्का मारीत. पुंगळी तीच, दारू तीच, पण नळी बदलली की आकडा बदलतो.

आकडा काढण्याची रीत अशी. नळीला भोक पाडून त्यात एक दट्ट्या व त्यामागे तांब्याची छोटी नळकांडी बसवीत. बार उडाला की दट्ट्या तांबे चेपी. ते किती चेपले यावरून दाब दर चौरस इंचास किती टन, हे ठरे. सर अँड्र्यू नोबल यांच्या नावाशी हे साधन जोडलेले आहे. नवे काडतूस असेल तर जवळच्या आकाराच्या जुन्या काडतुसाचा आकडा समोर ठेवायचा, त्याखालून आरंभ करायचा आणि तांब्याची साक्ष घेत पायरीपायरीने वर जायचे.

परंतु ही साक्ष इंग्लंडच्या थंड हवेतील होती. कॉर्डाइटचा स्वभाव असा की ते तापले की झपाट्याने जळते आणि दाब चढतो. वैशाखात शहापूर-मुरबाडच्या माळावर उन्हात राहिलेल्या लोखंडाला हात लावून पाहावा, म्हणजे नळीतल्या काडतुसाची अवस्था कळेल. दाब वाढला की प्रत्येक वेळी रायफल फुटतेच असे नाही. पितळी पुंगळी फुगून नळीत घट्ट अडकते. जखमी वाघ किंवा गवा अंगावर येत असताना पुंगळी निघू नये, एवढे शिकाऱ्याचा जीव जाण्यास पुरेसे होते. म्हणून उष्ण देशांसाठी कॉर्डाइट कमी केलेली 'ट्रॉपिकल' काडतुसे वेगळी निघू लागली. १९११ च्या .४१६ रिग्बीची ऐसपैस पुंगळीही, दाब मर्यादेत राहावा, याच विचाराची.

उष्णतेइतकाच मोठा फेरफार कायद्याने घडवला. मार्टिनी-हेन्री ही सैन्याची जुनी रायफल ५७७/४५० काडतुसाची. तिच्या चोरीस गेलेल्या बंदुकांना गोळ्या मिळू नयेत, म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात .४५० बोरच्या दारूगोळ्याच्या आयातीस बंदी घातली. हत्ती-वाघांच्या शिकारीचे सर्वांत चालते माप एका फटक्यात बाद झाले. संस्थानिक आणि साहेब हे लंडनच्या बंदूकनिर्मात्यांचे हुकमी गिऱ्हाईक. ते गमावणे परवडणारे नव्हते. हॉलंड अँड हॉलंडने .५०० ची पुंगळी तोंडाशी आवळून .४६५ काढले, वेस्टली रिचर्ड्‌सने .४७६, तर जोसेफ लँगचे .४७० इतरांनीही उचलले. प्रत्येकाचा पोकळीचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येकाचा आकडा नव्याने मोजणे आले. .४७० मध्ये ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी ठरली, वेग मात्र.४५० इतकाच, सेकंदास २१५० फूट. बंदीने शिकारीची शक्ती तसूभरही कमी केली नाही, फक्त काडतुसांची संख्या वाढवली. सरकारी भीतीचा असा परिणाम मला तरी नवलाचा वाटत नाही.

हीच भीती .३०३ लाही लागू होती. सैन्याचे काडतूस खाजगी हातात नको. म्हणून परवानाधारकांसाठी ब्रिटिश सैन्यात कोठेही नसलेले माप शोधले गेले आणि निवड झाली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मानलिकर काडतुसाची. ८ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. हेही काडतूस १८८८ साली काळ्या दारूवर जन्मले आणि दोनच वर्षांत नव्या दारूवर गेले. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने भारतीय बाजारासाठी या मापाच्या रायफली केल्या, पुढे बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यातून त्या निघू लागल्या आणि काडतुसे खडकीहून येऊ लागली. साम्राज्य गेले, मानलिकरचे सैन्यही गेले, परवान्यावरील.३१५ टिकून राहिले.

खडकीचा हा भरणा परीक्षा होऊन बाहेर पडलेल्या रायफलीसाठी ठरवलेला असतो. निकालपत्रांत मात्र तेच '८ एमएम के एफ' पुष्कळदा गावठी कट्ट्याच्या सोबतीने येते, आणि कट्ट्याची नळी कधी पाण्याच्या पाइपाची, तर कधी वाहनाच्या स्टिअरिंगच्या दांड्याची असते. तिच्यासाठी तांब्याची नळकांडी कोणी चेपून पाहिलेली नसते.