एका लाइनमनचे पत्र

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अमेरिकेतले एम्स हे गाव मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. आयोवा राज्यातल्या या गावच्या कृषी महाविद्यालयात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकले, तिथेच शिकवू लागले आणि १८९६ साली टस्कगीला निघून गेले. तिथल्या फुटबॉल संघातल्या मुलांची दुखरी अंगे मालिश करून मोकळी करण्याचे कामही ते करीत. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९२२ मध्ये, आणखी एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याच महाविद्यालयात आला. पशुसंवर्धन शिकून दक्षिणेतल्या आपल्या शेतकऱ्यांच्या उपयोगी पडायचे, असे त्याच्या मनात होते. त्याचे नाव जॅक ट्राइस. हा संघात खेळणारा होता.

हा फुटबॉल म्हणजे हातात लंबगोल चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ. त्यात जॅक ‘टॅकल’, म्हणजे आघाडीच्या रांगेतला लाइनमन. आपल्याकडे लाइनमन म्हटले की विजेच्या खांबावर चढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि तुलना अगदीच चुकीची नाही. दिवे गेल्याखेरीज त्याची आठवण कोणाला होत नाही. फुटबॉलमधला लाइनमनही चेंडूला क्वचितच हात लावतो. समोरच्याला अंगाने रेटून आपल्या धावणाऱ्यासाठी वाट करून द्यायची, हे त्याचे काम. त्या काळी तेच अकरा जण चढाईही करीत आणि बचावही, त्यामुळे डाव उलटला की त्याच माणसाने समोरची भिंत फोडायची. गुण मिळवणाऱ्याचे नाव छापून येते, वाट करून देणाऱ्याचे येत नाही. इतिहास धुंडाळणाऱ्याच्या हाती म्हणूनच लाइनमन सहसा लागत नाही.

जॅकचा जन्म १९०२ चा, ओहायोतल्या हायरम या खेड्यातला. वडील घोडदळात होते. ते लवकर वारले. आपल्या लोकांमध्ये वावरण्याची सवय व्हावी म्हणून आईने, ॲनाने, त्याला क्लीव्हलंडला नातेवाइकांकडे धाडले. तिथल्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलचे प्रशिक्षक सॅम विलमन एम्सला गेले, तेव्हा त्यांच्या मागोमाग तोही गेला. सफाईची कामे करून तो शिकला. १९२३ च्या उन्हाळ्यात कोरा मे स्टारलंडशी त्याचे लग्न झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. म्हणून त्याची खरी कारकीर्द २९ सप्टेंबर १९२३ ला सिम्प्सन कॉलेजविरुद्ध सुरू झाली आणि पुढच्या शनिवारी, ६ ऑक्टोबरला, संपली. दुसरा सामनाही पुरता नव्हे.

तो सामना मिनिआपोलिसला, मिनेसोटा विद्यापीठाशी होता. आदल्या रात्री कर्टिस हॉटेलच्या कागदावर जॅकने स्वतःसाठी काही ओळी लिहिल्या. आपल्या वंशाची, घराण्याची आणि आपली स्वतःची इभ्रत उद्या पणाला लागली आहे, सगळ्यांच्या आपल्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत, आणि आपण त्या पुऱ्या करूच, असा या पत्राच्या सुरुवातीचा आशय. आजवर पुन्हा पुन्हा सांगितला गेला तो हाच भाग.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा मजकूर, कारण तिथे इभ्रतीची भाषा थांबते आणि कारागिराची यादी सुरू होते. चेंडू खेळात आला की दरवेळी वाट्यापेक्षा जास्त काम करायचे. बचावात समोरची रांग फोडून डाव त्यांच्याच हद्दीत अडवायचा. डोळे उघडे ठेवून खाली वाकून भिडायचे. घोळक्याने अंगावर येणाऱ्यांना सांभाळायचे, आणि त्यांना रोल ब्लॉक करायचे. रोल ब्लॉक म्हणजे स्वतःला आडवे झोकून त्यांच्या पायांत लोळण घ्यायची. ही सूचनाही त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पूर्वार्धातच त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तो मैदान सोडायला तयार झाला नाही. तिसऱ्या सत्रात मिनेसोटाचा घोळका त्याच्या बाजूने आला, तेव्हा त्याने रोल ब्लॉक केला, उताणा पडला आणि तिघांच्या पायांखाली तुडवला गेला. सामना मिनेसोटाने २०–१७ असा जिंकला. तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर त्याला गवताच्या गादीवर निजवून रेल्वेने एम्सला आणले. ८ ऑक्टोबरला तो गेला. कोराने पुढे लिहिले आहे की, त्याने आपल्याकडे पाहिले पण तो बोलला नाही, आणि कॉलेजच्या मनोऱ्यावर तीनचे ठोके पडलेले तिला आठवत होते.

त्याला मुद्दाम तुडवले का? ज्यांनी पाहिले त्यांच्यातही एकमत नव्हते. एकटा कृष्णवर्णीय खेळाडू समोर असताना ‘अपघात’ हा शब्द मला सहज उच्चारता येत नाही. पण ‘खून’ म्हणण्याइतका पुरावाही नाही. आयोवा स्टेटने १९२४ च्या सामन्यानंतर मिनेसोटाशी करार वाढवला नाही. त्यानंतर हे संघ समोरासमोर आले ते थेट १९८९ मध्ये.

अंत्यविधीला कॉलेजच्या हिरवळीवर सुमारे चार हजार माणसे जमली. जॅकच्या कोटाच्या खिशात सापडलेला तो कागद अध्यक्ष पिअर्सन यांनी वाचून दाखवला. व्यायामशाळेत एक फलक लागला, आणि विसरलाही गेला. १९५७ साली टॉम एमर्सन यांनी त्यावर लेख लिहिला. सत्तरीच्या दशकात नवे स्टेडियम झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी जॅकच्या नावाचा आग्रह धरला. १९८४ मध्ये मधला तोडगा निघाला: मैदानाला जॅकचे नाव द्यायचे, स्टेडियमला नाही. पूर्ण स्टेडियमला त्याचे नाव मिळायला १९९७ उजाडले. तिथे १९८८ मध्ये घडवलेला त्याचा पुतळा आहे. त्यात तो खेळत नाही, ते पत्र वाचतो आहे.

ॲनाने पिअर्सन यांना लिहिलेले पत्रही जपून ठेवलेले आहे. एम्सला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना जॅकपासून काही स्फूर्ती मिळाली तर त्याचे जगणे-मरणे वाया गेले असे होणार नाही, असे ती म्हणते. मुलाच्या सन्मानाचा तिला अभिमान आहे. आणि त्याच पत्रात ती सांगते की, तिला तो एकटाच होता, आणि आता ती म्हातारी झाली आहे.