कुडा कोणता, हे कोण सांगणार?

'हॉर्टस मलबारिकस' या नावाला घाबरू नका मंडळी! 'मलबारची बाग' एवढाच त्याचा अर्थ. कोचीनच्या डच कारभाराचा प्रमुख हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातल्या सातशेहून जास्त वनस्पतींची चित्रं आणि औषधी उपयोग जमवले. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले.

पण माहिती कुणाची? इट्टी अच्युतन या वैद्याची. तो ईळव समाजातला, म्हणजे तेव्हाच्या उतरंडीत खालचा. त्याच्या जोडीला रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण. त्या तिघांचं २० एप्रिल १६७५ चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात चक्क नागरी लिपीत आहे! चित्रांवरही झाडांची कोंकणी नावं नागरीत कोरलेली.

या बागेतलं एक झाड आपल्या ओळखीचं आहे. 'कोडग-पाला' म्हणजे आपला कुडा. कोकणात त्याच्या फुलांची भाजी होते आणि सालीचा काढा आमांशावर देतात. पुढे ही साल 'तेलिचेरी साल' म्हणून युरोपात गेली. आणि तिथेच गडबड झाली. काळा कुडा दिसायला जवळपास तसाच, त्यामुळे त्याचीही साल त्यात मिसळली जाऊ लागली. गुण येईना, तेव्हा औषधच बदनाम झालं! गंमत म्हणजे 'आमांशनाशक' अशा अर्थाचं लॅटिन नाव आज श्रीलंकेतल्या एका तिसऱ्याच, शोभेच्या झाडाला चिकटलेलं आहे.

आपल्याकडे जाणत्या बायका जोडशेंगा बघून सांगतात. टोकं सुटी असतील तर पांढरा कुडा, टोकाला जुळलेल्या असतील तर काळा. बी कडू तो कडू इंद्रजव, दुसरा गोड.

के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला. केरळ विद्यापीठाने तो २००३ मध्ये छापला. फार मोठं काम! पण मला वाटतं, पुस्तकात नाव उतरतं, चित्र उतरतं. दोन सारख्या झाडांपुढे उभं राहून "हे नव्हे, ते" म्हणणारा माणूस काही उतरत नाही. अच्युतनचं नाव निदान छापलं गेलं. आपल्या गावच्या जाणत्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत?

तुमच्याकडे कुणी असेल, तर या पावसाळ्यात त्यांच्याबरोबर रानात एक चक्कर माराच.