कार्बोरेटर, इंजेक्शन आणि उलटे रूपांतर : संगमनेरच्या रस्त्यावरील इंधनव्यवस्थेचा इतिहास

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरच्या पूर्वेकडून दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. परंतु रेल्वे या गावापर्यंत आजतागायत पोहोचलेली नाही, आणि त्यामुळे विसाव्या शतकात येथील व्यापारउदीम पुणे-नाशिक रस्त्यावरील मोटारींवर विसंबून राहिला. अशा गावात इंधनाचा प्रकार, भाव किंवा पुरवठा बदलला, की मालक आणि मिस्त्री यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहत असे : हाती असलेले इंजिन नव्या परिस्थितीत चालवायचे कसे? इंजेक्शनचे इंजिन कार्बोरेटरवर नेण्याचा खटाटोप हा त्या प्रश्नाच्या दीर्घ इतिहासातील अगदी अलीकडचा टप्पा असून, त्याचे मोल आधीचे टप्पे ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे ज्वलनयोग्य मिश्रण करणारे साधन होय. इंजिन हवा ओढून घेते, ती हवा वेंचुरी नावाच्या, मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळीतून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून आपोआप वर खेचले जाऊन तुषाररूपाने हवेत मिसळते. वाटीतील पातळी फ्लोट आणि त्याला जोडलेली सुई राखतात, तर थंड इंजिनासाठी लागणारे जाड मिश्रण चोक देतो. विल्हेल्म मायबाख याने 1893 च्या सुमारास या पद्धतीला जे रूप दिले, ते मूलतः शतकभर टिकले; कारण त्यात विजेचा किंवा गणनयंत्राचा संबंध नव्हता, आणि जेट साफ करणे, सुई बदलणे किंवा मिक्श्चरचा स्क्रू कमीजास्त फिरवून कानाने रेस लावणे ही कामे तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्येही होऊ शकत होती.

या व्यवस्थेची पहिली मोठी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. 1941 मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आल्यानंतर देशभर अनेक बस आणि मालमोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या जाऊ लागल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला बसवलेल्या भट्टीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला, की कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू तयार होई. तो गाळून व थंड करून, कार्बोरेटरच्या जोडीने बसवलेल्या मिश्रण-झडपेतून इंजिनात सोडला जाई. या वायूत निम्म्याच्या आसपास निरुपयोगी नायट्रोजन असल्याने इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटे, आणि संगमनेरच्या दक्षिणेस असलेल्या चंदनापुरी घाटासारख्या चढावर ही घट किती जाचक ठरत असेल, हे सहज ध्यानात येते. तरीही इंजिनाचा गाभा न बदलता केवळ श्वासमार्गावर काम करून इंधन बदलता येते, हा धडा या काळाने मोटार-मिस्त्र्यांना दिला.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यानंतरच्या दशकांत डिझेलचा प्रभाव वाढला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा प्रचंड दाबाने तापवून तिच्यात योग्य क्षणी नोझलमधून इंधन फवारले जाते, म्हणजेच इंजेक्शन ही तेथे सोय नसून मूळ गरज असते. त्यामुळे स्वस्त डिझेलचा लाभ घेऊ पाहणाऱ्या पेट्रोल जीपच्या मालकाला कार्बोरेटर बदलून भागत नसे, पूर्ण इंजिनच बदलावे लागे. 1951 मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या मायको कंपनीने पुढे नाशिकच्या सातपूरमध्ये कारखाना काढला, आणि संगमनेरपासून सुमारे 70 किलोमीटरवर नोझल व इंजेक्टर तयार होऊ लागले.

पेट्रोल मोटारींत इंजेक्शन आले ते प्रदूषणाच्या नियमांमुळे. एप्रिल 2000 पासून देशभर भारत स्टेज मालिकेतील पहिले प्रदूषण-मानक लागू झाले, दुसरे मानक महानगरांपासून सुरू होऊन 2005 पर्यंत सर्वत्र पोहोचले, आणि याच काळात मारुती 800 सारख्या लोकप्रिय गाडीचा कार्बोरेटर जाऊन तेथे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर आला. आता मिश्रणाचे प्रमाण संवेदकांच्या आधारे संगणक ठरवू लागला आणि मिस्त्रीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे काम स्कॅनरकडे गेले.

संगणक निकामी झाला आणि त्याची किंमत गाडीच्या मोलाला झेपेनाशी झाली, किंवा शर्यतीसाठी साधी, हाताने जुळवता येणारी यंत्रणा हवी असली, की उलट्या, म्हणजे इंजेक्शनकडून कार्बोरेटरकडे नेणाऱ्या, रूपांतराचा विचार होतो. वरवर पाहता काम सोपे दिसते, पण टाकीतील इंजेक्शनचा पंप सुमारे 3 बार दाब देतो आणि फ्लोटची सुई त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचाच दाब सहन करते. म्हणून पंप न बदलता जोडणी केली, तर सुई उचलली जाऊन पेट्रोल वाटीबाहेर वाहते आणि आगीचा धोका उद्भवतो. इंजेक्शनच्या मॅनिफोल्डमधून केवळ हवा जाते, तर कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमध्ये ओले मिश्रण वाहत असल्याने तो गरम पाण्याने उबदार राखावा लागतो, नाहीतर पेट्रोल भिंतींवर साचते. शिवाय ठिणगीची वेळही संगणकच ठरवत असल्याने डिस्ट्रिब्युटर किंवा स्वतंत्र प्रज्वलन-यंत्रणा बसवावी लागते, आणि जाड मिश्रणामुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितप्त होऊन खराब होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हे तर वेगळेच.

प्रवरा खोऱ्यातील ऊस या प्रश्नाला आणखी एक पदर जोडतो. मळीपासून काढलेले अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याची तरतूद 1948 च्या कायद्यानेच केली होती. 2001 मध्ये मनमाड व मिरज येथे त्याचे नवे प्रयोग झाले, आणि आता मिश्रणाचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले आहे. पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यास वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ 9. त्यामुळे इंधनात इथेनॉल वाढले, की ठरावीक छिद्राच्या जेटमधून येणारे मिश्रण पातळ पडते आणि जेट मोठा करावा लागतो, तर ऑक्सिजन-संवेदक असलेले इंजेक्शन स्वतःच इंधन वाढवून प्रमाण सावरते. ज्या खोऱ्याच्या उसाने इंधनाला नवे रूप दिले, तेथेच कार्बोरेटरकडे परतण्याची वाट म्हणूनच अधिक अवघड झाली आहे.

तथापि जेटच्या छिद्रातून इंजिनाचे आरोग्य वाचणाऱ्या पिढीचे ज्ञान त्यामुळे कवडीमोल ठरत नाही. युद्धकाळातील भट्टीपासून आजच्या इंजेक्टरपर्यंत प्रत्येक रूपांतरामागे हवा, इंधन आणि प्रज्वलन यांचे गणित तेच राहिले, आणि ते गणित हाताने सोडवणारे कारागीर अजून गॅरेजमध्ये आहेत तोवर त्यांच्या पद्धती, शब्द आणि हिशेब लिहून ठेवणे हे संगमनेरसारख्या रस्त्यावर वाढलेल्या गावाच्या इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे.