वाग्नरची पत्रं

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याने बायरॉइट गावात स्वतःच्या ऑपेरांसाठी नाट्यगृह बांधलं. पायाचा दगड २२ मे १८७२ रोजी, त्याच्या वाढदिवशी बसला. मधेच पैसे संपले. १८७४ मध्ये बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने एक लाख थालर कर्जाऊ दिले, म्हणून १३ ऑगस्ट १८७६ ला पहिला महोत्सव सुरू झाला. या दोघांची पत्रं इतकी लडिवाळ, की व्यवहार कुठे संपतो आणि जिव्हाळा कुठे सुरू होतो, हे कळत नाही.

पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या 'नोये फ्राये प्रेसे' या वर्तमानपत्रात वाग्नरची वेगळीच पत्रं छापून आली. बेर्टा गोल्डवाग या कपडे शिवणाऱ्या बाईंना त्याने ती पूर्वी लिहिली होती. रेशमी झगे, सॅटिनचे रंग, झालरी आणि पैशांची बोलणी! पत्रकार डॅनियल श्पिट्झरने त्यावर खोचक शेरे मारले. लोक पोट धरून हसले.

मंडळी, मला हे हसणं पटत नाही. रेशमाने कुणाचं काय बिघडलं? याच वाग्नरने १८५० मध्ये टोपणनावाने ज्यू संगीतकारांविरुद्ध विखारी लेख लिहिला आणि १८६९ मध्ये तोच स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. लाज वाटावी असं होतं ते हे, आणि ते कुणी चोरून छापलं नव्हतं.

माझ्या ट्रंकेतल्या पत्रांचं काय करायचं, असं मुलं विचारतात. जाळू नका. वाचा, पण माणूस जोखायचा तो त्याने चारचौघांत काय केलं त्यावरून.