अननस की अबाकाशी?

मंडईत अननस मागताना आपण एक पोर्तुगीज शब्द उच्चारत असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. बटाटा, पाव, काजू, चावी, पगार हे त्याचेच भाऊबंद. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते गोव्याच्या आणि वसईच्या किनाऱ्याला लागले आणि मराठी घरात मुरले. लिस्बनच्या बाजारात आजही तुम्ही ‘अननस’ म्हणालात, तर फळवाला समजून घेईल. पण पोर्तुगीजच बोलणाऱ्या ब्राझीलमध्ये हेच फळ मागायचे तर ‘अबाकाशी’ म्हणावे लागेल. भाषा एक, फळही एक, शब्द मात्र दोन. ब्राझीलच्या बोलीत ‘अबाकाशी’ला आणखी एक अर्थ आहे. कुणालाच नको असलेले किचकट काम म्हणजे अबाकाशी, आणि ‘अबाकाशी सोलणे’ म्हणजे ते काम निस्तरणे.

आज अशाच एका अबाकाशीची गोष्ट सांगायची आहे. माणसांनी केलेली भाषांतरे संगणकाने लक्षात ठेवावीत, अशी सोय झाली. त्यानंतर एकाच भाषेची दोन देशांतली दोन रूपे त्याने ओळखायची कशी, असा प्रश्न उभा राहिला. पोर्तुगीजच्या निमित्ताने तो प्रश्न फार स्पष्ट दिसतो.

संगणकाने सगळेच भाषांतर स्वतः करावे, हे स्वप्न जुने होते. पण १९६६ साली अमेरिकेतल्या अल्पाक समितीचा अहवाल आला आणि त्या स्वप्नावर पाणी पडले. सरकारी पैसा आटला. मग काहींनी उलट बाजूने विचार सुरू केला. यंत्राने भाषांतर करू नये. माणसाने केलेले भाषांतर त्याने नीट जपून ठेवावे आणि वेळेवर काढून द्यावे. युरोपीय समुदायाच्या मंत्रिपरिषदेच्या सचिवालयात काम करणाऱ्या पीटर आर्थर्न यांनी १९७८ साली लंडनमधील एका परिसंवादात ही कल्पना मांडली. त्यांच्यासमोर येणाऱ्या कागदपत्रांत तीच कलमे आणि तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येत. तेच वाक्य दहादा भाषांतरित का करायचे? १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मार्टिन के यांनीही अनुवादक आणि यंत्र यांच्यात कामाची अशीच विभागणी सुचवली.

कल्पना कागदावरून बाजारात यायला दहा-बारा वर्षे लागली. जर्मनीत श्टुटगार्ट येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅडॉस या कंपनीने आणि आयबीएमने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी साधने विकायला काढली. या सोयीला ‘ट्रान्सलेशन मेमरी’ म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर ती एक वही आहे. डाव्या पानावर मूळ वाक्य, उजव्या पानावर त्याचे भाषांतर. नवे काम आले की संगणक प्रत्येक वाक्य वहीत शोधतो. तंतोतंत सापडले तर जुने भाषांतर पुढे करतो. थोडे वेगळे असेल तर किती टक्के जुळते ते सांगतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघते तेव्हा त्यातली बरीच वाक्ये जुनीच असतात. त्यामुळे कंपन्यांना ही वही फार मोलाची वाटली. जुळलेल्या वाक्यांना अनुवादकाला कमी दर द्यायचा, हा रिवाजही तिच्याबरोबरच आला.

आता पोर्तुगीजकडे वळू. ‘फाइल’ला लिस्बनमध्ये ‘फिशेइरु’ म्हणतात, साओ पावलोत ‘आर्कीवु’. फाइल जतन करण्याला तिकडे ‘ग्वार्दार’, इकडे ‘साल्वार’. पोर्तुगालने संगणकाच्या माऊसचे सरळ भाषांतर करून ‘रातु’, म्हणजे उंदीर केला. ब्राझीलने आपल्यासारखाच ‘माऊस’ ठेवला. फरक केवळ शब्दांचा असता तर शब्दकोशाने भागले असते. पण तो वाक्याच्या ठेवणीतही आहे. एखादे पान उघडायला वेळ लागतो तेव्हा पडद्यावर ‘उघडत आहे’ अशा अर्थाची ओळ येते. ब्राझीलमध्ये ती ‘कारेगांदु’ असते, पोर्तुगालमध्ये ‘आ कारेगार’. क्रियापदाचे रूपच बदलते. ‘फातु’ हा शब्द तर दोन्हीकडे आहे. ब्राझीलमध्ये त्याचा अर्थ वस्तुस्थिती, पोर्तुगालमध्ये अंगात घालायचा सूट.

म्हणजे वहीत वाक्य उतरवताना ते कोणाचे, हेही लिहायला हवे. त्यासाठी लागणारी चिठ्ठी हळूहळू घडत गेली. देशांची दोन अक्षरी नावे १९७४ पासून आंतरराष्ट्रीय मानकात होती. भाषांची दोन अक्षरी नावे १९८८ मध्ये ठरली. मार्च १९९५ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक नियमावलीत या दोन्हींची जोडणी सांगितली गेली. आधी भाषा, मग आडवी रेघ, मग देश. पोर्तुगीज भाषेचे ‘पीटी’, ब्राझीलचे ‘बीआर’. ब्राझीलची पोर्तुगीज म्हणजे ‘पीटी-बीआर’. पोर्तुगालची ती ‘पीटी-पीटी’. १९९८ च्या सुमारास एका साधनातली वही दुसऱ्या साधनात नेता यावी म्हणून टीएमएक्स हा सामायिक नमुना आला. त्यातही प्रत्येक वाक्यावर ही चिठ्ठी लावायची असते.

वाटेल की प्रश्न सुटला. पण देशाचे नाव न लिहिता नुसते ‘पीटी’ लिहिले, तर ते वाक्य कोणाचे समजायचे? मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रुळलेल्या ‘गेटटेक्स्ट’ या पद्धतीत नुसते ‘पीटी’ म्हणजे पोर्तुगाल. मायदेशाच्या भाषेला वेगळे बिरूद कशाला, हा त्यामागचा विचार. उलट, २००४ पासून युनिकोड संस्था जगभरच्या भाषांतील तारखा, महिने आणि देशांची नावे यांचा जो सामायिक कोठार सांभाळते, त्यात नुसते ‘पीटी’ म्हणजे ब्राझील. बोलणारे अधिक कुठे, हा तिथला हिशेब. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींवर, पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास. दोन्ही हिशेब आपापल्या जागी रास्तच आहेत. पण एकाच नावाची चिठ्ठी दोन घरांची निघाल्यावर टपाल चुकायचेच.

त्यात पैशाची गोष्ट मिसळली. ब्राझीलची बाजारपेठ मोठी, म्हणून भाषांतर आधी ब्राझीलसाठी व्हायचे. मग पोर्तुगालची पाळी आली की तीच वही पुढे ओढण्याचा मोह होतो. साधन ती उघडायला नकार देते, कारण चिठ्ठी वेगळी असते. त्यावर एक तोड अनुवादकांत प्रसिद्ध आहे. वहीची फाइल साध्या संपादकात उघडायची, ‘बीआर’ शोधायचे आणि त्या जागी ‘पीटी’ घालायचे. क्षणभरात हजारो वाक्यांचे नागरिकत्व बदलते. संगणक शंभर टक्के जुळल्याची ग्वाही देतो. शंभर टक्क्यांच्या वाक्याचे पैसे कमी, म्हणून ते कुणी पुन्हा निरखून वाचत नाही. पोर्तूमधल्या माणसाला मग स्वतःच्या भाषेत पाहुण्यासारखे वावरावे लागते. धाकट्या घराची भाषा अशी कुणी बंदी न घालताही मागे पडू शकते. तिची वाक्ये वहीत उतरलीच नाहीत, एवढे पुरते.

शुद्धलेखनाने गुंता आणखी वाढवला. पोर्तुगीज भाषक देशांनी लिस्बन येथे १६ डिसेंबर १९९० रोजी लेखन एकसारखे करण्याचा करार केला. तो प्रत्यक्षात यायला बराच काळ गेला. ब्राझीलने २००९ पासून तो लागू केला आणि २०१६ पासून सक्तीचा केला. पोर्तुगालच्या शाळांत तो २०११ मध्ये आला. नियम असा, की न उच्चारले जाणारे व्यंजन लिहू नये. आता ‘स्वागत’ या अर्थाचा एक शब्द दोन्ही देश एकाच तऱ्हेने, ‘प’ घालून लिहीत होते. पण हा ‘प’ ब्राझीलमध्ये उच्चारतात, पोर्तुगालमध्ये नाही. त्यामुळे पोर्तुगालने तो गाळला आणि ब्राझीलने ठेवला. लेखन एक करायला निघालेल्या कराराने एक असलेला शब्द दोन केला! वहीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की चिठ्ठीवर देश असून भागेना. वाक्य करारापूर्वीचे की नंतरचे, हेही हवे. आज त्यासाठीही अधिकृत खूण नोंदलेली आहे. ‘एओ१९९०’ असे शेपूट जोडले की नवे लेखन समजायचे.

मग हे निस्तरले कसे? अनुभवातून तीन वाटा निघाल्या. पहिली, दोन देशांच्या वह्या सर्वस्वी वेगळ्या ठेवणे. ही स्वच्छ, पण खर्चाची. दुसरी, शेजारची वही वापरू द्यायची, पण तिच्यातून आलेल्या वाक्याचे काही गुण कापायचे. शंभराचे पंच्याण्णव झाले की अनुवादक थांबतो, वाचतो, दुरुस्त करतो. मला ही वाट सर्वांत शहाणपणाची वाटते. ती मदत घेऊ देते आणि माणसाला जागेही ठेवते. तिसरी वाट कुळाची. मोझांबिकचा शब्द सापडला नाही तर कुठे पाहायचे? युनिकोडच्या कोठारात उत्तर लिहिलेले आहे: आधी पोर्तुगालकडे, ब्राझीलकडे नंतर. कारण अंगोला, मोझांबिक यांचे लेखन पोर्तुगालच्या वळणाचे. स्पॅनिशसाठी तर २००६ च्या नियमांनी देशाच्या जागी ‘४१९’ हा आकडा लिहायची मुभा दिली. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन यांचा क्रमांक आहे.

या कुळाचा लाभ आपणही घेतो. भारतातली इंग्रजी त्या कोठारात अमेरिकेच्या पदराला बांधलेली नाही. ती ‘जगाची इंग्रजी’ नावाच्या शाखेखाली आहे. म्हणून तुमच्या फोनवर भारताची इंग्रजी निवडली की दिवस आधी आणि महिना नंतर येतो.

आणि मराठी? तिची चिठ्ठी एकच: भाषा मराठी, देश भारत. पण आपल्याकडेही १९६२ साली लेखनाचे नियम बदलले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘फाइल’ म्हणायचे, ‘धारिका’ की ‘संचिका’, यावर आपले एकमत नाही. हे भेद देशाच्या नावाने सांगता येत नाहीत. शेजारी गोव्यात कोकणी देवनागरीत लिहितात आणि रोमी लिपीतही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला मान्यता दिली, पण रोमीत लिहिणारा-वाचणारा समाज मोठा आहे. चिठ्ठीत लिपीचा तुकडा जोडण्याची सोय २००६ पासून आहे; तो जोडायचा की नाही, हे वही भरणाऱ्याच्या हाती असते.

या जुन्या वह्या आता कपाटात पडून नाहीत. भाषांतर करणारी नवी यंत्रे अशाच वाक्यांच्या जोड्यांवर शिकली आहेत. गूगलच्या भाषांतर सेवेत ‘पोर्तुगालची पोर्तुगीज’ हा वेगळा पर्याय दिसू लागला तो २०२४ मध्ये. पाचशे वर्षांपूर्वी आपल्याला अननस देणाऱ्या भाषेला स्वतःच्या नावाची चिठ्ठी मिळायला तिथे एवढा वेळ लागला. उद्या मराठीची वही भरताना वऱ्हाडचे वाक्य कोणते आणि कोकणचे कोणते, हे कुणीतरी आजच लिहून ठेवायला हवे. यंत्र वाक्य विसरत नाही. ते कोणाचे, हे मात्र आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)