सामता, पकड आणि पाचर

एखाद्या वस्तूला भोंक पाडणें ही क्रिया इतकी साधी वाटते कीं, तिला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि आपणांस येत नाहीं. सुताराचा सामता कुरकुरतो, दुरुस्तीच्या दुकानांतील विजेचें यंत्र घुरघुरतें, आणि काम झालें कीं आपण तें विसरून जातों. परंतु भोंक पाडणाऱ्या अणीइतकेंच महत्त्व ती अणी धरून ठेवणाऱ्या पकडीला आहे. आणि धरण्याइतकेंच महत्त्व वेळ येतांच सोडवून घेण्याला आहे. या शेवटल्या गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून धाराशिव जिल्ह्याच्या निमित्तानें या तीन साधनांची हकीकत आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे.

धाराशिव जिल्हा म्हटला कीं प्रथम आठवतें तें तेरणा नदीच्या कांठचें तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर असल्याचें सांगितलें आहे. तेथील कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलुखांतून, भडोच बंदरास नेत असत. तें तगर म्हणजेच आपलें तेर, हें फ्लीट या संशोधकानें 1901 सालीं दाखवून दिलें. पुढें 1958 च्या सुमारास व त्यानंतरहि तेथें उत्खननें झालीं. त्यांत आणि गांवकऱ्यांच्या शेतांत सांपडलेल्या वस्तूंत मणी आहेत, शंखाचे अलंकार आहेत, मातीच्या मूर्ति आहेत; तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाच्या वस्तुसंग्रहालयांत त्या पाहावयास मिळतात.

त्या मण्यांपैकीं एखादा उजेडासमोर धरून पाहावा. दगडासारख्या कठीण पदार्थांतून दोरा जाण्याएवढें बारीक छिद्र आरपार गेलेलें असतें. लांकूड आणि दोरी मातींत सहसा टिकत नाहींत; कारागिराचा सामता गेला, त्याचें काम मात्र राहिलें. या कामाची रीत कशी असते हें खंबायतच्या कारागिरांवरून समजतें. ते मणी लांकडी चिमट्यांत आवळून धरतात, अणीच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कणी बसवितात, आणि कमानीच्या दोरीनें ती अणी गरगर फिरवितात. छिद्र एका बाजूनें आरपार नेल्यास शेवटीं दगडाचा टवका उडतो. म्हणून अर्धें काम एका बाजूनें व अर्धें दुसऱ्या बाजूनें करावयाचें. हे दोन्ही बाजूंनीं जाण्याचें शहाणपण आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढें तें पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

कमानीच्या सामत्यांत एक उणीव असते. तो एकदां उजवीकडे फिरतो व एकदां डावीकडे. दगड घासून झिजवावयाचा असतो तोंपर्यंत हें चालतें. लोखंड मात्र कापावें लागतें, आणि कापण्यासाठीं एकाच दिशेनें अखंड फेरा हवा. यंत्रयुगानें तो फेरा दिला, पण त्याबरोबर नवी अडचणहि आणली. वेगानें फिरणारी अणी नेमकी मधोमध धरावयाची कशी, आणि काम बदलतांच ती झटपट सोडवावयाची कशी?

अमेरिकेंतील स्टीफन मोर्स यानें 1863 सालीं पिळाच्या अणीचें पेटंट घेतलें. त्या अणीच्या अंगावरील नागमोडी खोबणींतून लोखंडाचा कीस आपोआप वर येतो. त्याच्याच नांवानें ओळखला जाणारा निमुळता दांडा आज जगभर वापरांत आहे. हा दांडा दर वीस इंचांस सुमारें एक इंच इतका निमुळता होत जातो. तशाच निमुळत्या खोबणींत तो दाबून बसविला कीं केवळ घर्षणानें असा घट्ट बसतो कीं स्क्रू लागत नाहीं. अशा घट्ट बसलेल्या दांड्याला बाहेर काढण्याची सोयहि करून ठेवलेली असते. दांड्याच्या वरच्या टोकास चपटी शेपटी असते, आणि यंत्राच्या पोकळ आंसाला त्या ठिकाणीं आडवी फट असते. त्या फटींतून चपटी पाचर सारून हलकेंच ठोकलें कीं दांडा खालीं सुटतो.

पुढचें पाऊल आर्थर जेकब्स यानें 1902 सालीं टाकलें. त्याच्या पकडीला आपल्याकडील कारागीर 'चक' म्हणतात. तिच्या पोटांत तिरप्या भोंकांतून सरकणारे तीन जबडे असतात. बाहेरचें दातेरी कडें चावीनें फिरविलें कीं ते एकाच वेळीं पुढें येतात आणि लहानमोठी कोणतीहि अणी मधोमध आवळतात.

हीं साधनें आपल्या बाजूस कशीं आलीं? एक वाट लोहमार्गाची. कॅल्थ्रॉप या अभियंत्यानें उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 सालीं येडशी, ढोकी या वाटेनें लातुरास पोंचली. तिच्या एंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना कुर्डुवाडीस होता. दुसरी वाट नांगराची. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारीं आला. एकदां नांगर लोखंडाचा झाला, म्हणजे त्याची दुरुस्ती करणारा कारागीरहि गांवोगांव लागणारच. आणि त्याला भोंक पाडण्याचें यंत्रहि लागणार.

अशाच एका दुकानांत घडलेला प्रसंग सांगतों. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. वाफसा आला म्हणजे पेरणी थांबत नाहीं, आणि एका शेतकऱ्याच्या पाभरीची पट्टी तुटलेली. नवी पट्टी तयार होती, तिला चार भोंकें तेवढीं पाडावयाचीं. पण यंत्राची पकड डुगडुगूं लागली होती. दुसरी पकड हाताशीं होती, जुनी मात्र निघेना. शिकाऊ मुलानें घण उचलला. "मिस्त्री, ठोकूं का?" मिस्त्री म्हणाले, "ठोकून निघेल रे बाळा, पण आंस वांकला तर यंत्रच गेलें." शेतकरी दारांत उभा, आभाळ पुन्हां भरून आलेलें. मींहि मनांत म्हटलें, एक घाव घालून मोकळे व्हावें. मिस्त्री मात्र हलले नाहींत. त्यांनीं मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टींत घालून सावकाश निववला, त्याच्या दोन उतरत्या पाचरी कापल्या, आणि प्रत्येकीला बैलगाडीच्या जुवांत बैलाची मान बसावी तशी खांच पाडली. सगळें मिळून तासाभराचें काम.

मग प्रथम विजेचें बटण बंद करून तार काढली. खालच्या मेजावर लांकडी फळी ठेवली, म्हणजे पकड सुटून पडली तरी दुखावूं नये. पकडीचा माथा आणि आंसाचा खांदा यांमधील फटींत एक पाचर डावीकडून व दुसरी उजवीकडून घातली, आणि दोहोंच्या जाड बाजूंवर सारखाच दाब दिला. टक् असा आवाज झाला आणि पकड फळीवर येऊन पडली. एकाच बाजूनें ठोकलें असतें तर आंसावर तिरपा भार आला असता. दोन्ही बाजूंनीं सारखें रेटलें म्हणून तो सरळ राहिला. तेरच्या मण्याची मला त्याच क्षणीं आठवण झाली.

सगळ्याच पकडी अशा निमुळत्या दांड्यावर बसविलेल्या नसतात. कित्येक हातयंत्रांत त्या आट्यांवर बसविलेल्या असून जबड्यांच्या तळाशीं आंत उलट्या आट्यांचा स्क्रू असतो. तो आधीं उजवीकडे फिरवून काढल्यावांचून पकडीशीं झगडणें व्यर्थ होय. म्हणून हत्यार उचलण्यापूर्वीं पकड कशावर बसली आहे तें पाहावें.

काढलेल्या पकडीची निगाहि मिस्त्रींनीं त्याच संध्याकाळीं मुलाला शिकविली. जबड्यांत साचलेला कीस रॉकेलनें धुवावा. पूर्ण खोलावयाची झाल्यास दातेरी कडें पोकळ नळीवर टेकवून आंतील गाभा दाबयंत्रानें सावकाश सरकवावा, घणानें नव्हे. आंतील आट्यांच्या कड्याचे दोन अर्धे तुकडे एकमेकांचे जोडीदार असतात. त्यांची फाटाफूट करूं नये. जबड्यांवरील आंकडे पाहून ते क्रमानेंच परत घालावे. आंतल्या आट्यांना तेलाचा एखादा थेंब पुरे. परंतु निमुळता दांडा आणि त्याची खोबण हीं मात्र कोरडीं व स्वच्छ पुसावीं, कारण तेथें तेल गेलें कीं घर्षण गेलें आणि पकड निसटली. पुन्हां बसवितांना जबडे पूर्ण आंत घेऊन लांकडी हातोडीचा एक हलका ठोका द्यावा.

दिवेलागणीपूर्वीं शेतकरी पट्टी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीं त्याची पाभर शेतांत चालली. ज्या दोन पाचरींनीं हें साधलें त्या मिस्त्रींनीं एका तारेंत ओवून यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवल्या, आणि मुलाला बजावलें कीं, दुकान झाडतांना या कचऱ्यांत टाकूं नकोस. तेरचे मणी संग्रहालयांत सुरक्षित आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मणी राहिले आणि सामता गेला, तसें येथें होऊं नये. खिळ्यावरच्या पाचरी आणि त्या चालविण्याची रीत हींहि त्या मुलापाशीं राहावीं, एवढीच माझी इच्छा आहे.