ब्रासेरो करार

ब्रासेरो करार : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतमळ्यांवर मनुष्यबळाची तीव्र टंचाई भासू लागली, तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेक्सिको सरकारशी झालेला आणि १९६४ अखेर संपुष्टात आलेला मजूरभरतीचा करार. या अवधीत सुमारे ४६ लक्ष करारपत्रे झाली. मात्र एकच इसम वारंवार भरती होत असल्याने मजुरांची प्रत्यक्ष संख्या त्याहून कमी होती.

प्रचलित दराने मजुरी, मोफत निवारा आणि परतीचे भाडे यांची हमी कागदोपत्री होती. तथापि तिची अंमलबजावणी मळेवाल्यांच्या मर्जीवर सोपविल्यासारखीच राहिली. भरती-केंद्रांवर मजुरांच्या उघड्या अंगावर डीडीटीची फवारणी होई, ही विटंबना कोणत्याही आरोग्यविषयक सबबीने समर्थनीय ठरत नाही. लेट्यूसच्या वाफ्यांत आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर ओणवे राहून काम केल्याने अनेकांचे कणे कायमचे अधू झाले. कॅलिफोर्नियात हे अवजार १९७५ साली निषिद्ध झाले. आरंभीच्या वर्षांत बचतीच्या नावे वेतनातून कापलेला दहावा हिस्सा तर असंख्य मजुरांच्या हाती कधी पडलाच नाही. १९६३ साली कॅलिफोर्नियातील चुआलार येथे मजुरांच्या वाहनाला आगगाडीची धडक बसून ३२ जण दगावले आणि कराराविरुद्ध लोकमत अधिक प्रक्षुब्ध झाले.